संहितेचें देणें

विकलेल्या वस्तूबरोबर ती वस्तु कशी केली ह्याची कृतिहि गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावी, असा जगाच्या व्यवहाराचा नियम नाहीं. हलवाई पेढे तोलून देतो, पेढ्यांची कृति सांगत नाहीं. जुने वैद्य पुडी देत. पुडींत काय आहे हें विचारणारा रोगी त्यांस आगाऊ वाटे. गवयांच्या घराण्यांत तर पोटच्या पोरासाठीं राखून ठेवलेली चीज परक्या शिष्याच्या कानांवर पडूं नये म्हणून काय काय खटपटी होत, ह्याच्या कथा सर्वांनीं ऐकलेल्या आहेत. अशा ह्या जगांत १९८९ सालीं अमेरिकेंत एक परवाना तयार झाला आणि त्यानें सांगितलें कीं, ज्याला तूं ही वस्तु देशील त्याला तिची कृतिहि दिली पाहिजेस. ती देणार नसशील तर वस्तु देण्याचाहि अधिकार तुला नाहीं. ती वस्तु म्हणजे संगणकाची आज्ञावली, आणि तो परवाना म्हणजे ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’, ज्यास त्या धंद्यांतील लोक आद्याक्षरांवरून ‘जीपीएल’ म्हणतात. वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांवहि ऐकलेलें नसेल. परंतु ज्याच्या खिशांत अँड्रॉइड जातीचा फोन आहे, त्याच्या खिशांत ह्या परवान्याखालीं आलेलें लिनक्स आहेच. म्हणजे त्या वाचकाचें कोणी तरी कांहीं देणें लागतो. तें देणें कोणतें, तें कोणीं लावून दिलें, आणि तें वसूल करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यांतला शेवटला प्रश्न सर्वांत अवघड असून, माझ्या मतें, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. तींत शब्द असतात, वाक्यांसारख्या ओळी असतात, मधून मधून स्वतःसाठीं व सहकाऱ्यांसाठीं लिहून ठेवलेलीं टिपणें असतात. ही मूळ संहिता. धंद्यांतलें तिचें नांव सोर्स कोड. यंत्राला ही भाषा कळत नाहीं. म्हणून कंपायलर नांवाची दुसरी एक आज्ञावली तिचें शून्य आणि एक ह्या दोनच अंकांच्या अखंड माळेंत रूपांतर करते. गिऱ्हाइकाच्या हातीं पडते ती ही माळ. ती चालवितां येते, पण वाचतां येत नाहीं. आणि जें वाचतां येत नाहीं तें दुरुस्तहि करतां येत नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती त्यांच्यापुढें ओव्या होत्या म्हणून. अपपाठ शिरलेली कां होईना, पण संहिता हातांत होती. नुसता पाठाचा ध्वनि भिंतीपलीकडून कानांवर येत असता आणि पोथी कुलुपांत असती, तर नाथ काय करते?

संगणकाच्या पहिल्या पिढींत हीं कुलुपें नव्हतीं. मोठीं यंत्रें विकत किंवा भाड्यानें घेणाऱ्या संस्था आपापल्या आज्ञावल्या एकमेकींस बिनदिक्कत देत. आयबीएम कंपनीचीं यंत्रें वापरणारांनीं १९५५ सालीं ‘शेअर’ नांवाचें एक मंडळच ह्या देवघेवीसाठीं स्थापलें. त्या काळास सत्ययुग म्हणण्याची चाल पडली आहे. मला ती पटत नाहीं. यंत्राची किंमत लाखांनीं मोजली जाई, आणि त्याच्याबरोबरची आज्ञावली म्हणजे घोड्याबरोबरचा लगाम. तो फुकट देण्यांत औदार्य कसलें? १९६९ सालीं आयबीएमनें आपल्या कांहीं आज्ञावल्यांची किंमत यंत्राहून वेगळी लावण्याचें जाहीर केलें, आणि लगामाचें दुकान स्वतंत्र झालें. मग कृति लपविण्याची बुद्धि होणें हें ओघानेंच आलें.

ह्या बुद्धीस कायद्यानें हातभार लावला, तो मात्र मोठ्या चमत्कारिक रीतीनें. पेटंटाचा कायदा निदान देवघेवीचा आहे. शोधकानें आपला शोध जाणत्या मनुष्यास करून पाहतां येईल इतका उघड करून सांगावा, आणि त्याच्या बदल्यांत सरकारनें त्यास कांहीं वर्षांचा मक्ता द्यावा, असा तो सौदा. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा झाला पुस्तकांसाठीं. पुस्तक प्रसिद्ध झालें कीं तें वाचकास उघड होतेंच. म्हणून उघड करण्याची अट त्यांत घालण्याचें कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. अमेरिकेनें १९८० सालीं ह्या कायद्यांत दुरुस्ती करून संगणकाच्या आज्ञावलीचा त्यांत स्पष्ट उल्लेख केला, आणि १९८३ सालीं ॲपल विरुद्ध फ्रँकलिन ह्या खटल्यांत तेथील एका अपील न्यायालयानें ठरविलें कीं, आज्ञावलीच्या यंत्ररूपासहि हाच हक्क लागू आहे. झालें! वाचतां न येणारें पुस्तक ग्रंथकाराच्या हक्कानें सुरक्षित झालें. मक्ता मिळाला, आणि बदल्यांत कांहीं उघड करावें लागलें नाहीं. आपल्याकडेहि १९८४ च्या दुरुस्तीनें आज्ञावलीची गणना वाङ्मयीन कृतींत झाली आहे; तेव्हां कादंबरी आणि हिशेबाची आज्ञावली ह्या भारतीय कायद्याच्याहि एकाच फळीवर बसल्या आहेत.

ह्याच काळांतली एक हकीकत आतां सांगावयाची. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें छपाईचें एक नवें यंत्र आलें. जुन्या यंत्राची मूळ संहिता प्रयोगशाळेच्या हातीं होती. तेथील रिचर्ड स्टॉलमन नांवाच्या आज्ञावलीकारानें तींत भर घालून अशी सोय केली होती कीं, आंत कागद अडकला म्हणजे ज्यांची छपाई खोळंबली असेल त्यांस सूचना जावी, व कोणी तरी उठून तो काढावा. नव्या यंत्राबरोबर संहिता आली नाहीं. कागद अडकूं लागले आणि माणसें यंत्रापाशीं हेलपाटे घालूं लागलीं. ती संहिता कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका गृहस्थांपाशीं आहे असें कळल्यावर स्टॉलमननें तेथें जाऊन ती मागितली. उत्तर मिळालें कीं, ती कोणासहि न देण्याचें वचन आपण देऊन बसलों आहों. ही गोष्ट स्टॉलमननें पुढें इतक्या वेळां सांगितली आहे कीं तींत थोडें पुराण शिरलें असल्यास नवल नाहीं. परंतु तींतलें एक अंग नीट पाहण्यासारखें आहे. येथें मागणारा ग्रंथकार नव्हता. त्या संहितेंतली एक ओळहि त्याची नव्हती. तो यंत्र वापरणारा होता, आणि त्याची तक्रार ही वापरणाराची तक्रार होती. म्हणजे ह्या परवान्याचा उगम गिऱ्हाइकाच्या गाऱ्हाण्यांत आहे. पुढें जें झालें तें समजून घेतांना हें विसरतां कामा नये.

२७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमननें ‘ग्नू’ नांवाची एक संपूर्ण मुक्त प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, १९८४ च्या जानेवारींत नोकरी सोडली, आणि १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. ह्यांतल्या ‘फ्री’ शब्दानें इंग्रजींत फार घोळ घातला आहे, कारण फुकट आणि मुक्त ह्या दोन्ही अर्थांना त्यांच्यापाशीं एकच शब्द. मराठी माणसास तो घोळ समजावून सांगावा लागतो, हें आपल्या भाषेचें भाग्य म्हणावयाचें. असो. संहिता मुक्त केली म्हणजे ती मुक्त राहते असें मात्र नव्हे, हा धडा त्याला लौकरच मिळाला. ‘ईमॅक्स’ ह्या लेखन-संपादनाच्या आज्ञावलीची एक आवृत्ति जेम्स गॉसलिंग ह्यांनीं लिहिली होती व ती प्रारंभीं हातोहात वांटली जाई. तिचा कांहीं भाग स्टॉलमननें आपल्या ईमॅक्समध्यें घेतला. पुढें गॉसलिंग ह्यांनीं ती युनिप्रेस कंपनीस विकली, कंपनीनें हरकत घेतली, आणि १९८५ सालीं तो सगळा भाग त्यास काढून नव्यानें लिहावा लागला. बिनशर्त दान केलेल्या विहिरीवर दुसऱ्यानें येऊन कुलूप घालावें, तसा हा प्रकार.

तेव्हां शर्त हवी, आणि ती अशी हवी कीं विहिरीबरोबर ती हातोहात पुढें जावी. ती घालण्यासाठीं स्टॉलमननें जें साधन निवडलें त्यांत मौज आहे. ज्या स्वामित्वहक्कानें कुलुपें घातलीं, तोच त्यानें उलटा धरला. आज्ञावलीचा हक्क माझा आहे. प्रत करण्याची, फेरफार करण्याची, विकण्याचीहि परवानगी मी सर्वांस देतों. पण ह्या अटीवर कीं, तुम्हींहि पुढच्यास हेंच सर्व संहितेसकट द्यावें. कॉपीराइट शब्दांतल्या ‘राइट’चा दुसरा अर्थ उजवा, म्हणून विनोदानें ह्या युक्तीस ‘कॉपीलेफ्ट’, म्हणजे उजव्याचें डावें, असें नांव पडलें. प्रथम एकेका आज्ञावलीस निराळा परवाना असे. २५ फेब्रुवारी १९८९ रोजीं सर्वांस लागू पडेल असा एक परवाना निघाला, १९९१ च्या जूनमध्यें त्याची दुसरी आवृत्ति आली, आणि १९९२ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें आपलें लिनक्स तिच्या स्वाधीन केलें.

ह्या दुसऱ्या आवृत्तीचें तिसरें कलम हें सर्व प्रकरणाचें हृदय होय. यंत्ररूप आज्ञावली ज्याला वांटावयाची असेल त्यानें एक तर तिच्यासोबतच पूर्ण मूळ संहिता द्यावी. अथवा निदान तीन वर्षें चालेल असें लेखी वचन द्यावें कीं, प्रत करून पोंचविण्यास जो खर्च येतो तेवढाच घेऊन आपण ती संहिता देऊं. हें वचन कोणाला? केवळ गिऱ्हाइकाला नव्हे. कोणाहि तिऱ्हाइताला, असे कलमाचे शब्द आहेत. आणि संहिता म्हणजे काय, तर दुरुस्ती करणारा मनुष्य ज्या रूपांत दुरुस्ती करणें पसंत करील तें रूप. ही व्याख्या लिहिणारास माणसाच्या लबाडीचा अनुभव दांडगा असला पाहिजे. कारण टिपणें पुसून, नांवें बदलून, ओळी एकमेकींत गुंतवून ‘ही घ्या तुमची संहिता’ असें म्हणणारा गृहस्थ तींत बरोबर सांपडतो. एवढ्यानेंहि न थांबतां कलम म्हणतें कीं, संहितेपासून यंत्ररूप बनविण्यास व तें बसविण्यास जे लहान लहान आज्ञालेख लागतात तेहि दिले पाहिजेत. सगळें साहित्य मोजून सांगावयाचें, पण आंच किती ठेवावी हें तेवढें गिळावयाचें, ही सुगरणींची जुनी वाट अशा रीतीनें बंद झाली.

कलमाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. देणें उत्पन्न होतें तें वस्तु दुसऱ्यास दिल्यावर. स्वतःच्या कचेरींत कोणी हवे तेवढे फेरफार करून आज्ञावली चालवील, तर त्यानें जगास कांहीं दाखविण्याचें कारण नाहीं. पुढें इंटरनेटवरून नुसती सेवा विकण्याचा धंदा वाढला, त्यांत गिऱ्हाइकाच्या हातीं प्रत कधीं येतच नाहीं, आणि म्हणून देणेंहि नाहीं. ही पळवाट बुजविण्यासाठीं ॲफेरो नांवाचा परवाना २००२ सालीं व त्याची सुधारलेली आवृत्ति २००७ सालीं निघाली. पण तो निराळाच विषय आहे.

कागदावरचें कलम व्यवहारांत कसें उतरलें? पहिलीं चौदा-पंधरा वर्षें न्यायालयाची पायरी चढण्याचें फारसें काम पडलें नाहीं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह जॉब्स ह्यांच्या नेक्स्ट कंपनीनें ग्नूच्या कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली, आणि ती जोड बंद ठेवण्याचा तिचा मानस होता. कल्पना अशी कीं, आपला भाग यंत्ररूपांत निराळा द्यावा आणि जोडणी गिऱ्हाइकानें आपल्या घरीं करावी. स्टॉलमननें वकिलाचा सल्ला घेऊन नकार दिला, आणि कंपनीस संहिता उघड करावी लागली. तिच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. परवाना झुगारावा तर प्रत करण्याची परवानगीच जाते, मग उरतो तो निव्वळ स्वामित्वहक्काचा भंग. ह्या परवान्याचें बळ असें त्याच्या नकारांत आहे.

खरी परीक्षा झाली ती २००३ सालीं, एका लहानशा पेटीवरून. लिंक्सिस कंपनीनें २००२ च्या अखेरीस घरांतल्या संगणकांस बिनतारी इंटरनेट वांटणारी, निळ्या-काळ्या रंगाची, दोन शिंगांची एक पेटी बाजारांत आणली. अशा पेटीस राउटर म्हणतात, आणि हिचें नांव डब्ल्यूआरटी५४जी. पुढल्या जूनमध्यें लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींच्या पत्रव्यवहारांत एका वापरणारानें दाखवून दिलें कीं, पेटीच्या आंत लिनक्स आहे आणि संहिता मात्र कोठेंच नाहीं. तोंपर्यंत सिस्को ह्या बलाढ्य कंपनीनें सुमारें पन्नास कोटी डॉलरांस लिंक्सिस विकत घेण्याचें जाहीर केलें होतें. मौज अशी कीं, हें देणें नक्की कोणीं अंगावर घेतलें हें शोधावयास गेल्यास हात एका घरांतून दुसऱ्या घरांत जाई. पेटीवर नांव लिंक्सिसचें, आंतली चिप ब्रॉडकॉमची, आणि आज्ञावली बसविली तैवानमधल्या तिसऱ्याच कंपनीनें. धान्याच्या पेवांत ओल कोणीं सोडली हें विचारल्यावर जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवितो, तशांतला हा मामला. पण पेटी विकणारी शेवटली कंपनी कोण, एवढेंच कलम विचारतें. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मध्यें पडलें, बोलणीं झालीं, आणि त्याच वर्षीं लिंक्सिसनें संहिता प्रसिद्ध केली.

त्यानंतर जें झालें त्याची कल्पना कंपनीला नव्हती, आणि बहुधा मागणारांनाहि नव्हती. त्या संहितेच्या पायावर २००४ सालीं ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा उद्योग उभा राहिला, आणि लोक त्या स्वस्त पेटीकडून महागड्या यंत्रांचीं कामें करून घेऊं लागले. २००५ सालीं कंपनीनें पेटीची स्मृति कमी करून लिनक्स काढून टाकलें, तेव्हां गिऱ्हाइकें इतकीं नाराज झालीं कीं त्यांच्यासाठीं लिनक्स असलेला ‘जीएल’ हा निराळा नमुना तिला काढावा लागला. संहिता दिल्यानें धंदा बुडतो असें म्हणणारांनीं ही पेटी अवश्य पाहावी. तरीहि खोड गेली नाहीं. लिंक्सिसच्या इतर मालावरून फाउंडेशनला डिसेंबर २००८ मध्यें सिस्कोवर फिर्याद करावी लागली, व ती मे २००९ मध्यें तडजोडीनें मिटली.

दरम्यान न्यायालयांनीं तोंड उघडलें होतें. १९ मे २००४ रोजीं म्यूनिकच्या न्यायालयानें, लिनक्सच्या एका भागाचे कर्ते हॅरल्ड वेल्टे ह्यांच्या फिर्यादीवरून, सिटेकॉम कंपनीविरुद्धचा मनाईहुकूम कायम केला. परवाना पोकळ आहे असें धरलें तरी प्रतिवादीचा लाभ नाहीं, कारण मग प्रत वांटण्यास त्याला कसलाच आधार उरत नाहीं, हा त्यांतला युक्तिवाद मार्मिक आहे. अमेरिकेंत २००७ सालीं ‘बिझीबॉक्स’ ह्या आज्ञावलीच्या कर्त्यांनीं पहिला दावा लावला, तो कांहीं आठवड्यांतच मिटला. तेथला महत्त्वाचा निवाडा मात्र आला खेळण्यांतल्या आगगाड्यांच्या निमित्तानें! हौशी लोकांच्या लहान आगगाड्या चालविणाऱ्या एका मुक्त आज्ञावलीवरून जेकबसन विरुद्ध कॅटझर हा खटला उद्भवला. परवाना तेथें जीपीएल नव्हता, आणि वाद कर्त्यांचीं नांवें व फेरफारांच्या नोंदी गाळल्याचा होता. पण १३ ऑगस्ट २००८ रोजीं अपील न्यायालयानें सांगितलें कीं, पैसे न घेतां दिलेल्या परवान्याच्या अटी ह्याहि खऱ्या अटी आहेत, आणि त्या मोडणें हा स्वामित्वहक्काचा भंग होऊं शकतो. २०१० सालीं बिझीबॉक्सच्याच दुसऱ्या एका दाव्यांत हजर न राहिलेल्या वेस्टिंगहाउस डिजिटल कंपनीस ९०,००० डॉलर भरपाई तर पडलीच, शिवाय हाताशीं असलेले त्या जातीचे टेलिव्हिजन दानधर्मासाठीं वादीच्या हवालीं करण्याचा हुकूम झाला.

हीं सर्व यशें ग्रंथकारांचीं. आणि नेमकी तेथेंच मला खोंच दिसते. स्वामित्वहक्काचा दावा लावूं शकतो तो हक्काचा मालक, म्हणजे संहिता लिहिणारा. ज्यानें पेटी विकत घेतली, ज्याचा कागद अडकला, तो न्यायालयाच्या दृष्टीनें कोणीच नव्हे. ग्रंथकारास भांडण नको असेल तर? टोरवाल्ड्स ह्यांनीं न्यायालयांत जाण्यास २०१६ सालीं उघड विरोध केला, आणि सहकार्यानें जेवढें काम होतें तेवढें दाव्यानें होत नाहीं हें त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ग्रंथकार लोभी निघाला तर? जर्मनींत लिनक्सच्या एका सहलेखकानें कंपन्यांमागून कंपन्यांस नोटिसा देऊन पैसे वसूल करण्याचा क्रम मांडला. शेवटीं २०१६ सालीं त्याच्याच मंडळीनें त्यास आपल्या मध्यवर्ती गटांतून निलंबित केलें. आणि ग्रंथकार हजारों असले तर? क्रिस्तोफ हेलविग ह्यांनीं व्हीएमवेअर कंपनीवर हॅम्बुर्ग येथें केलेल्या फिर्यादींत न्यायालयानें त्यांस विचारलें कीं, ह्यांत तुमच्या स्वतःच्या ओळी कोणत्या? तें त्यांस न्यायालयाच्या समाधानापुरतें दाखवितां आलें नाहीं. २०१६ सालीं दावा फेटाळला गेला आणि २०१९ सालीं अपीलहि. ज्या संहितेचा मालक समाज आहे, तिचा वारस ठरवितांना असें होणारच.

कलमाचे शब्द पाळून आशय बुडविण्याची कलाहि ह्याच काळांत वाढली. टेलिव्हिजनचे कार्यक्रम टिपून ठेवणारें टिवो नांवाचें यंत्र लिनक्सवर चाले, आणि कंपनी संहिता बिनतक्रार देई. पण फेरफार केलेली आज्ञावली घातली कीं यंत्र ती ओळखून चालविण्याचें नाकारी. पोथी दिली, दुरुस्त करण्याची मुभा दिली, आणि दुरुस्त पोथी वाचणाराचें तोंड शिवलें! २९ जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तींत, घरगुती वस्तूंच्या बाबतींत, बदललेली आज्ञावली बसविण्यास लागणारी माहितीहि देण्याची अट आली ती ह्यामुळें. टोरवाल्ड्स ह्यांस ती मान्य नव्हती, म्हणून लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीखालीं राहिलें.

गिऱ्हाइकाचा प्रवेश झाला तो प्रथम पॅरिसमध्यें. धंदेशिक्षण देणाऱ्या एएफपीए ह्या संस्थेस एडु ४ कंपनीनें जी प्रणाली पुरविली तींत एक मुक्त आज्ञावली होती. तिच्यावरील कर्त्यांच्या हक्काच्या सूचना कंपनीनें काढून टाकल्या होत्या आणि संहिता दिली नव्हती. १६ सप्टेंबर २००९ रोजीं पॅरिसच्या अपील न्यायालयानें संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. येथें वादी आज्ञावलीचा कर्ता नव्हता, विकत घेणारा होता. तरी ह्या निकालाकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलें नाहीं.

अमेरिकेंत ही गोष्ट उघड मुद्दा म्हणून मांडली सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेनें. व्हिझिओ कंपनीच्या टेलिव्हिजनांत लिनक्स व त्याच परवान्याखालील इतर आज्ञावल्या होत्या. संहिता मागितली असतां पूर्ण मिळेना. १९ ऑक्टोबर २०२१ रोजीं संस्थेनें कॅलिफोर्नियांतील ऑरेंज परगण्याच्या न्यायालयांत फिर्याद केली, ती ग्रंथकार म्हणून नव्हे. तिचें म्हणणें असें कीं, परवाना हा लिनक्सचे कर्ते आणि कंपनी ह्यांच्यामधला करार असला, तरी तो ज्याच्या हितासाठीं झाला तो तिऱ्हाईत आम्ही आहों, आणि आपल्या हिताचें कलम बजावून मागण्याचा अधिकार तिऱ्हाइतास असतो. भरपाई म्हणून पैसे मागितले नाहींत; मागितली ती संहिता. कंपनीनें खटला केंद्रीय न्यायालयांत नेला. हा खरोखरीं स्वामित्वहक्काचा वाद आहे आणि तो हक्क वादीचा नाहीं, असा तिचा पवित्रा होता. १३ मे २०२२ रोजीं त्या न्यायालयानें खटला परत पाठविला. स्वामित्वहक्क हा दुसऱ्यास प्रत करण्याची मनाई करण्याचा हक्क आहे. संहिता हातीं द्या असें म्हणणें हा तसा हक्क नव्हे, तें करारानें निर्माण झालेलें निराळें देणें आहे, असें त्याचें कारण. पुढें दावा सुनावणीवांचूनच काढून टाकावा असा अर्ज कंपनीनें ऑरेंज परगण्यांत केला, आणि २९ डिसेंबर २०२३ रोजीं तोहि नामंजूर झाला. ज्या टेलिव्हिजनांवरून ही फिर्याद झाली, ते संस्थेनें रोख पैसे मोजून विकत घेतलेले होते. दाव्यापुरता तिचा दुसरा कोणताहि आधार नव्हता.